दुकान रिकामं, तरी शटर वर: जव्हार-मोखाड्याच्या पेठेबद्दलचे सहा गैरसमज

नाशिकहून त्र्यंबक ओलांडून घाट उतरला की मोखाडा लागतं आणि त्याच रस्त्याने पुढे जव्हार. पावसाळ्यात दाभोश्याचा धबधबा किंवा मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा बघायला निघालेली मंडळी इथे चहाला थांबतात आणि समोरच्या दुकानांकडे बघून कोड्यात पडतात. अंधाऱ्या कापडदुकानात लुगड्यांच्या चळती, शेजारी पितळी हंडे, त्यापुढे छत्र्या आणि घड्याळं दुरुस्त करणारा, पायमशीनवर बसलेला शिंपी. गिऱ्हाईक मात्र एखाददुसरंच. मग गाडीत चर्चा सुरू होते. ‘यांचं भागतं कसं? काहीतरी वेगळाच धंदा असणार!’

पेठ तशी जुनी आहे. जव्हार ही संस्थानची राजधानी होती आणि मोखाडा हा इंग्रजी अमलात शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे उपविभाग. आज दोन्ही तालुके २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. मोखाडा तालुक्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ८३ हजारांच्या आसपास होती आणि त्यात दहांतले नऊ जण आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. या पेठेचा हिशेब लावायचा तर आधी या गिऱ्हाइकाचं वर्ष समजून घ्यावं लागतं.

गैरसमज १: दुकानात गर्दी नाही, म्हणजे धंदा नाही.

वस्तुस्थिती: शहरातलं दुकान महिन्यावर चालतं, कारण गिऱ्हाइकाचा पगार महिन्याला होतो. मोखाड्यातल्या बहुसंख्य घरांत पगार नाही. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी असं खरिपाचं एकच पीक. ते दिवाळीच्या आगेमागे घरात आलं की अनेक कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर नाहीतर नाशिकच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. होळीला बहुतेक जण गावी येतात, पुन्हा कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात.

त्यामुळे पेठेचं वर्ष काही आठवड्यांत भरतं. होळीची खरेदी आणि त्याच सुमाराला मोखाड्यात भरणारा जगदंबेचा बोहाडा, म्हणजे देवदेवतांच्या मुखवट्यांचा उत्सव, हा एक हंगाम. चैत्र-वैशाखातली लग्नसराई दुसरा. मग आगोट: पावसाचे चार महिने पुरेल एवढं मीठ, मिरची, कांदे, सुकट, बोंबील, छपरावर टाकायला प्लास्टिकचा कागद, नवी छत्री. शेवटी दिवाळी. या दिवसांत, आणि एरवी आठवडेबाजाराच्या दिवशी, त्याच कापडदुकानात उभं राहायला जागा नसते.

पर्यटक येतो जुलै-ऑगस्टच्या रविवारी. तेव्हा सगळा तालुका चिखलात उभा राहून भाताची आवणी करत असतो, हातातले पैसे आगोटीत संपलेले असतात आणि नवं पीक तीन महिने लांब असतं. पाहुण्यांना पेठ दिसते ती वर्षातल्या सर्वांत मंद दिवसांत, आणि निष्कर्ष मात्र बारा महिन्यांचा निघतो.

गैरसमज २: तिथला माल आता कोणी घेत नाही.

वस्तुस्थिती: गाडीतले घेत नाहीत. वारली म्हातारी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसते आणि खांद्यावरून पडकी घेते. तिला हवा तो पोत, हवी ती लांबी आणि टिकणारा रंग मॉलमध्ये मिळत नाही. तिचं कापड ठेवणारं दुकान म्हणजे जवळपास मक्तेदारीच. गिऱ्हाईक थोडं, पण दुसरीकडे जाणारं नाही.

पितळेच्या दुकानाची गोष्ट आणखी वेगळी. हंडा किंवा तांब्या आज विकला गेला नाही तर नासत नाही. त्याची फॅशनही जात नाही. धातूचे भाव वर्षानुवर्षं चढत गेले की फळीवर पडून राहिलेल्या मालाची किंमतही वाढते. गिऱ्हाईक जुन्या भांड्यांची मोड घेऊन येतं, तिचं वजन होतं, नवं भांडं आणि मोड यांच्या भावातला फरक तेवढा रोखीने द्यायचा. दुकानदाराला दोन्हीकडून काही सुटतं: भांडं विकतानाही आणि मोड पुढे पाठवतानाही. बाहेरच्याला पडून राहिलेला वाटणारा हा माल दुकानदाराच्या लेखी ठेव असते. तयार कपडे, मोबाइलची कव्हरं, बेकरीचा माल विकणाऱ्यांना ही चैन परवडत नाही.

दुरुस्तीचंही तसंच. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जिथे छत्री हे चार महिन्यांचं हत्यार आहे, तिथे मोडलेली काडी बदलून देणारा माणूस कालबाह्य होत नाही.

गैरसमज ३: एवढ्या विक्रीत भागणं शक्य नाही, हे काळा पैसा पांढरा करण्याचं साधन असणार.

वस्तुस्थिती: हा तर्क जगभर केला जातो. गिऱ्हाईक नसलेलं दुकान दिसलं की कुणाला तरी तिथे गुन्हेगारी दिसते. आधी साधा हिशेब करून बघू. समजा शहरात एका दुकानाचं भाडं, दोन नोकर, वातानुकूलन आणि वीजबिल मिळून महिन्याला १,२०,००० रुपये खर्च होतो. मालावर वीस टक्के सुटत असतील तर नुसता खर्च निघायला सहा लाखांची विक्री हवी. आता पेठेतलं दुकान घ्या. ते राहत्या घराचाच पुढचा भाग, म्हणून भाडं शून्य. गल्ल्यावर आजोबा, माल काढून द्यायला सून, म्हणून पगार शून्य. दिवे, वाहतूक, किरकोळ खर्च धरून समजा ८,००० रुपये. तेवढ्याच नफ्याच्या दराने ४०,००० रुपयांची विक्री झाली की पुढचं सगळं घरात. दिवसाचा गल्ला दीड हजारांच्याही आत असला तरी दुकान तोट्यात जात नाही.

शिवाय हे दुकान घराचं एकमेव उत्पन्न असतंच असं नाही. कुणाची शेती असते, कुणाचा टेम्पो, कुणाकडे विम्याची एजन्सी, कुणाची सून शाळेत शिक्षिका. दुकानातून घरखर्चाचा काही भाग निघाला तरी ते बंद करण्याचं कारण उरत नाही.

कायद्याच्या बाजूने बघितलं तरी संशय टिकत नाही. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरते. पाटी जुनी, संगणक नाही, पावती हाताने लिहिलेली, यात बेकायदा काहीच नाही. उलट काळा पैसा जिरवायचा तर विक्री फुगवून दाखवावी लागते आणि फुगवलेल्या विक्रीला शोभेल एवढी खरेदीही कागदावर दाखवावी लागते. ओस दिसणारं छोटं दुकान त्या कामाला फारसं सोयीचं नाही.

कोसळतात ती बहुधा मोठा खर्च डोक्यावर घेतलेली दुकानं. २००१ साली सुरू झालेल्या बिग बझारची दुकानं २०२२मध्ये बंद पडत गेली, कारण कर्ज आणि थकलेलं भाडं. ब्रिटनमध्ये वूलवर्थ्सच्या आठशेहून अधिक दुकानांना जानेवारी २००९पर्यंत टाळं लागलं. तिथे गर्दी होती, पण ती खर्चाला पुरली नाही.

गैरसमज ४: हे दुकानदार आदिवासींना उधारीत अडकवतात, म्हणूनच टिकतात.

वस्तुस्थिती: या समजामागे खरा इतिहास आहे आणि तो पुसून चालणार नाही. ठाणे जिल्ह्यातल्या जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५मध्ये वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो मराठी वाचकांना ठाऊक आहे. पावसाळ्यात पायलीभर धान्य द्यायचं आणि सुगीला दीडपट-दुप्पट वसूल करायचं, ही रीत सगळ्या आदिवासी पट्ट्यात होती. ती मोडण्यासाठीच १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघालं, त्याची धान्यखरेदी सुरू झाली आणि पुढे पावसाळ्यातल्या पोटापाण्यासाठी खावटी कर्ज आलं. आज विनापरवाना सावकारी हा २०१४च्या कायद्याने गुन्हा आहे.

उधारी तरीही संपलेली नाही, पण तिचं रूप बदललं आहे. रेशनचा तांदूळ २०२३पासून मोफत मिळतो, त्यामुळे पोटासाठी धान्य उचलण्याची गरज पूर्वीइतकी राहिली नाही. वहीत नाव लागतं ते तेल, साबण, चहापत्ती, वह्या-पुस्तकं, औषधाचे पैसे यांसाठी. पैसे येणार हे नक्की असतं, कधी येणार हे नसतं. रोजगार हमीची मजुरी लांबते, मुकादमाकडचा हिशेब होळीला होतो. मधला काळ दुकानदार सांभाळतो.

भुसार व्यापाऱ्याचंही असंच. २०२४-२५मध्ये नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये होता. सरकारी केंद्रावर भाव चांगला, पण कागदपत्रं लागतात आणि पैसे खात्यात यायला वेळ जातो. वीस किलो नागली घेऊन बाजारात आलेल्या बाईला त्याच दिवशी मीठ-मिरची घेऊन परतायचं असतं. व्यापारी भाव कमी देतो, पण हातावर ठेवतो. यात काही वेळा तिची अडवणूक होते, हे खरं. मात्र केंद्राचे पैसे त्याच दिवशी मिळू लागले तर अडवणुकीला जागा राहणार नाही. म्हणजे दुकानदाराच्या चांगुलपणावर किंवा वाईटपणावर सगळं खापर फोडून प्रश्न सुटत नाही.

गैरसमज ५: ऑनलाइन आणि मोठी दुकानं स्वस्त आहेत; पेठेत जातो तो फक्त अडाणी माणूस.

वस्तुस्थिती: किलोच्या भावाने बघितलं तर पेठेतला माल बऱ्याचदा महाग पडतो, यात वाद नाही. दहा रुपयांच्या पुडीतलं तेल किलोवर नेलं की डोळे विस्फारतात. पण मोठ्या दुकानाची सवलत मिळवायची तर मोखाड्याहून नाशिक साठेक किलोमीटर. जाण्या-येण्याचं एसटीभाडं आणि बुडालेला दिवस धरा. २०२४-२५मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. ती बुडवून चाळीस रुपये वाचवणारा माणूस हिशेबी म्हणायचा का? महिन्याचं सामान एकदम भरायला एकरकमी पैसे लागतात आणि हातात तेवढे पैसे एकदम येत नाहीत. पुडी महाग असली तरी आज परवडते.

ऑनलाइनचं म्हणाल तर देशातला किरकोळ व्यापार अजूनही बव्हंशी दुकानांतूनच होतो. इथे तर वस्ती डोंगरउतारांवरच्या पाड्यांत विखुरलेली. पार्सल बहुधा तालुक्याच्या गावापर्यंत येणार आणि ते घ्यायला पेठेतच यावं लागणार. तहसील, दवाखाना, बँक, बाजार ही कामं एका फेरीत उरकायची असतात. पेठ टिकते ती त्या फेरीवर.

गैरसमज ६: जुनी दुकानं बदलत नाहीत, आणि म्हणून कायम टिकतील.

वस्तुस्थिती: दोन्ही अर्धे खोटे. एसटीडी-पीसीओची पिवळी खोकी गेली, सीडी भाड्याने देणारे गेले, फिल्मचा रोल धुणारे स्टुडिओ गेले. एका यंत्रावर उभा असलेला धंदा त्या यंत्राबरोबर बुडाला. पण ज्या स्टुडिओवाल्याने झेरॉक्स मशीन घेतलं, जातीच्या दाखल्याचे आणि परीक्षेचे अर्ज भरून द्यायला सुरुवात केली, तो त्याच पाटीखाली बसला आहे. शिंप्याकडे नवे कपडे शिवायला कमी येतात, तयार कपडे आखूड करायला आणि शाळेचे गणवेश उसवून मोठे करायला जास्त. किराणा दुकानात आधारवर अंगठा घेऊन पैसे काढून देण्याचं यंत्र आलं. पाटी जुनीच राहिली, आतलं काम बदललं.

आणि कायम टिकण्याचं म्हणाल, तर धोका मॉलपेक्षा जवळचा आहे. दुकानदाराचा मुलगा शिकून नाशिक-ठाण्याला नोकरी करतो. गल्ल्यावरचे आजोबा थकले की बिनपगारी श्रमावर उभा असलेला वरचा सगळा हिशेब मोडतो. दुसरा धोका गिऱ्हाइकाकडून. वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब आठ-नऊ महिने तिकडेच राहू लागलं तर कपडे, भांडी, मोबाइल भिवंडीतच घेणार आणि होळीला भरलेली पिशवी घेऊन येणार.

सरकारी मदत कशी दिली जाते, यावरही पेठेचं बरंच अवलंबून असतं. २०२०मध्ये जाहीर झालेल्या खावटी अनुदानात कुटुंबामागे ४,००० रुपये होते: निम्मे खात्यात, निम्मे वस्तूंच्या रूपात. खात्यातले दोन हजार स्थानिक बाजारात फिरू शकतात. सरकारी खरेदीतून बांधून आलेल्या वस्तूंचे दोन हजार या पेठेला वळसा घालून जातात. रोजगार हमीचं काम गावात वेळेवर निघालं आणि मजुरी आठवड्याला मिळाली, तर लोक थांबतात आणि खर्चही इथेच करतात. तेव्हा जव्हार-मोखाड्याची ही दुकानं आणखी किती वर्षं चालतील याचा अंदाज बांधायचा असेल, तर जुलैतली गर्दी मोजू नका. दिवाळीनंतर पाड्यांवरची किती घरं कुलूपबंद होतात, ते मोजा.