वाडी, बावखल आणि पाहुणचार

वसईच्या किनारपट्टीतली घरगुती रिसॉर्ट ज्या बायकांच्या कष्टांवर चालतात त्यांची, आणि या साऱ्याला आधार देणाऱ्या गोड्या पाण्याची ओळख.

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला उतरून निर्मळ, कळंब, राजोडीच्या दिशेने निघाले की पहिली काही मिनिटे इमारतींची दाटी संपता संपत नाही. सोपारा गाव मागे पडते आणि रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना केळी, माड, चाफा, अबोलीचे ताटवे दिसू लागतात. उतरत्या कौलांची जुनी घरे, अंगणात क्रूस किंवा तुळशीवृंदावन, आणि अधूनमधून झाडाला किंवा कुंपणाला टांगलेली पाटी: रिसॉर्ट, राहण्याची व जेवणाची सोय, घरगुती जेवण मिळेल. भुईगाव ते अर्नाळा या पट्ट्यात गेल्या काही दशकांत अशा पाट्या वाढत गेल्या. बऱ्याच ठिकाणी पाटीमागे एखादी कंपनी नसते, एक कुटुंब असते. कुटुंबाची वाडी असते. आणि वाडी सांभाळत आलेली बाई हे रिसॉर्टही सांभाळत असते.

वाडी आधी, रिसॉर्ट नंतर

वसईत ‘वाडी’ म्हणजे घर, बागायत आणि पाणी यांचा एकत्र संसार. सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी अशा समाजांनी पिढ्यान् पिढ्या ही बागायत कसली. राजेळी केळी, पानवेली, वालपापडी, वांगी, मोगरा, तगर, जास्वंद ही इथली पिके. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली गाडी सुटली आणि या मालाला मुंबईची बाजारपेठ जोडली गेली. पुढे पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन बोरिवली, दादर गाठणारी ‘वसईवाली’ मुंबईकर गृहिणींच्या रोजच्या ओळखीची झाली. कुपारी बायकांचे लाल लुगडे तर दुरूनच ओळखू यायचे.

घरातली पुरुष मंडळी रेल्वेत, बँकेत, कारखान्यात नोकरीला लागली तसतशी वाडीची जबाबदारी बायकांकडे अधिकाधिक आली. कोणत्या वाफ्याला कधी पाणी द्यायचे, कोणता घड कधी उतरवायचा, व्यापाऱ्याशी कोणत्या भावावर अडून बसायचे हे त्यांना चोख कळते. मुंबईकर सुट्टीला समुद्रावर येऊ लागले, सावलीत बसायला आणि दोन घास खायला जागा शोधू लागले, तेव्हा या बायकांकडे धंद्याला लागणारे जवळपास सगळेच होते. सावली होती, विहीर होती, चूल होती आणि पाहुण्याला उपाशी न पाठवण्याची रीत होती. आधी जेवणाची पंगत, मग कपडे बदलायला खोली, मग मुक्कामाच्या खोल्या, शेवटी मुलांसाठी पोहण्याचा तलाव अशा टप्प्यांनी अनेक वाड्यांची रिसॉर्ट झाली.

पहाटेपासून दिवेलागणीनंतरपर्यंत

रविवारचा दिवस घ्या. पाहुणे नऊ-दहाला येणार म्हणून घरची मालकीण पहाटेच उठलेली असते. ख्रिस्ती घरातली असेल तर गर्दी सुरू होण्यापूर्वी पहिल्या मिस्साला जाऊन येते. देवाचा वार आणि धंद्याचा वार एकच असल्याने हा मेळ तिलाच घालावा लागतो. आल्याबरोबर कांदापोह्यांची कढई चढते. किती माणसे, त्यात शाकाहारी किती, लहान मुले किती, माणशी तांदूळ किती, हा हिशेब कागदावर कमी आणि तिच्या डोक्यात जास्त असतो. मासळी ती स्वतः निवडून घेते. पापलेट महाग असेल तर बोंबील आणि मांदेलीवर जेवण कसे रंगवायचे हे तिला ठाऊक असते.

दुपारी एकाच वेळी पंगत, खोल्यांच्या चाव्या, पाण्याच्या टाकीची पातळी आणि तलावाजवळच्या मुलांकडे लक्ष ठेवावे लागते. दारू पिऊन पाण्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांना थोपवायचेही तिलाच असते. किनाऱ्यावर ओहोटीच्या ओढीत माणसे वाहून गेल्याच्या बातम्या या भागाने पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ पाहिल्याशिवाय ती मुलांना समुद्राकडे जाऊ देत नाही. पाहुणे तिला ‘काकी’, ‘ताई’, ‘आंटी’ म्हणतात आणि दुसऱ्या खेपेला येतात तेव्हा थेट स्वयंपाकघरात डोकावून काय शिजतेय ते विचारतात.

संध्याकाळी चहा-भजी झाली, शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली की मग भांडी, चादरी, कचरा, मजुरी. हाताखाली काम करणाऱ्यांत जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून कामासाठी आलेल्या आदिवासी बायकाही असतात. एका अर्थाने पालघर जिल्ह्याचा किनारा आणि डोंगर अशा स्वयंपाकघरात शेजारी बसून पापडी सोलतात. धंद्याचे कौतुक करताना या मजुरांच्या रोजाचा आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचाही विचार व्हायला हवा. मालकिणीच्या कष्टांइतकेच हे हातही या पाहुणचाराचे मानकरी आहेत.

वर्षाचेही एक चक्र असते. दिवाळीनंतर हंगाम उघडतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली, नाताळ आणि वर्षअखेरची गर्दी. मेमध्ये खोली मिळणे कठीण. पावसाळ्यात किनारा बंद, खोल्या ओस आणि कौलांची डागडुजी सुरू. इतरांची सुट्टी हा तिचा कामाचा दिवस असल्याने घरातले सण तिला मागेपुढे करून साजरे करावे लागतात.

पानात काय पडते

या रिसॉर्टांची खरी ओळख जेवणातून होते. तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण, गावठी कोंबडी हे तर असतेच. पण घरी चौकशी करून खावेत असे पदार्थ वेगळे आहेत. हिवाळ्यात पापडी, रताळी, कोनफळ यांची उकडहंडी. ख्रिस्ती घरांत सणावाराचे फुगे. आगाशीचे भुजिंग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे, पोहे आणि मसाला यांचा मेळ. आणि सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, दव पडण्याआधी झाकायची आणि शेवटी पानात बांधायची. साखरेचा कणही न घालता मधासारखा गोडवा येतो. यंत्राने हे काम उरकत नाही. ऊन, हात आणि सवड तिन्ही लागतात, आणि राजेळीची लागवड घटत चालल्याने सुकेळी करणारी घरेही थोडीच उरली आहेत. एखाद्या रिसॉर्टच्या अंगणात मांडवावर केळी वाळत पडलेली दिसली तर तिथल्या बाईने एक जुनी विद्या धरून ठेवली आहे असे समजावे.

गोड्या पाण्याचे गणित

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना या वाड्यांना गोडे पाणी मिळते कसे? याचे उत्तर बावखलात आहे. बावखल म्हणजे वाडीत खणलेले छोटे तळे. इथल्या पूर्वजांनी ती ठिकठिकाणी खणली, पावसाचे पाणी त्यांत साठवले, रहाटाने उपसून वाफ्यांना दिले. वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो चार महिन्यांत वाहून जाण्याऐवजी बावखलात थांबतो, वालुकामय जमिनीत मुरतो आणि आसपासच्या विहिरींना वर्षभर पुरतो.

किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीपेक्षा भूजलाची पातळी जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी खाऱ्याला दाबून ठेवते, असा शास्त्राचा ढोबळ नियम आहे. म्हणजे उपशामुळे पातळी एक फूट खाली गेली तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू शकते. बावखल बुजवले की पाऊस मुरत नाही, पंप लावला की उपसा वाढतो, आणि एखाद्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ लागते. आधी पानवेल सुकते, मग केळ.

हे गणित वसईने झगडून शिकले आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामांना खुला होऊ लागला. विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले. तेव्हा नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. पुढे ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या दिब्रिटोंचे २०२४ साली निधन झाले. त्या आंदोलनातल्या मोर्च्यांत वाडीवरच्या बायका होत्या, कारण विहीर आटली की पहिली पायपीट त्यांनाच करावी लागते.

रहाट गेले तशी बावखले दुर्लक्षित झाली. काही कचऱ्याने भरली, काहींवर भराव पडला. जुलै २०१८च्या पुरात वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात होते, मिठागरांतली माणसे अडकून पडली. त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्यासारख्या संस्थांकडे कारणे व उपाय शोधण्याचे काम गेले आणि पाणी सामावून घेणाऱ्या धारण तलावांची चर्चा सुरू झाली. ज्या जमिनीत पूर्वजांनी आधीच असंख्य धारण तळी खणून ठेवली होती, तिथे ती जपणे हाच पहिला उपाय ठरायला हवा.

म्हणून ज्या वाडीत रिसॉर्ट उभे करताना बावखल राखले गेले, तिथे जरूर जावे. पाण्यावर झुकलेले माड, खंड्या आणि बगळे, काठाशी बाकडी हे पाहुण्यांना आवडतेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या घरातल्या बाईने एका जादा खोलीचे भाडे सोडून शेजारपाजारच्या विहिरी वाचवल्या आहेत. उलट, तलाव भरण्यासाठी टँकर मागवणारे रिसॉर्ट दुसऱ्या कोणाच्या तरी विहिरीवर जगते.

पाटीवर नाव कोणाचे?

राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले. किमान एक एकर शेतजमीन असलेल्या शेतकऱ्याला त्यातून नोंदणी करता येते. २०२३ साली ‘आई’ हे महिलांसाठीचे पर्यटन धोरण आले. महिलेच्या मालकीच्या आणि महिलेने चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज ठरावीक मर्यादेत सरकार परत करते. योजना चांगली आहे. मात्र मालकी कागदावर दाखवावी लागते आणि इथेच अनेक घरांत अडते. सातबारावर आजोबांचे नाव, परवान्यावर मुलाचे, आणि पहाटेपासून राबणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. वसईच्या कुटुंबांनी हे स्वतःहून बदलावे. जिने वाडी राखली, तिचे नाव सातबारावर लागले तर कर्जही तिला मिळेल आणि बावखल बुजवायचे की राखायचे हा निर्णयही तिच्या हाती राहील.

कसे जाल, काय पाहाल

कळंब, राजोडी, निर्मळसाठी नालासोपारा, अर्नाळा-आगाशीसाठी विरार, आणि भुईगाव, वसई किल्ल्यासाठी वसई रोड स्थानकावर उतरावे. तिन्ही ठिकाणी पश्चिमेला बस व रिक्षा मिळतात. फेब्रुवारी २०२४पासून भाईंदर-वसई रो-रो बोटही सुरू झाली आहे, ती किल्ल्याच्या बाजूला उतरवते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला हा किल्ला, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणलेला सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, आणि निर्मळचे देऊळ व तलाव एका मुक्कामात पाहून होतात. निर्मळची जत्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते. सुकी मासळी आणि सुकेळी घ्यायला हिंदू-ख्रिस्ती सारेच तिथे लोटतात.

मुक्कामाला जाताना आदल्या दिवशी फोन करून किती माणसे येणार ते नक्की सांगा, म्हणजे अन्न वाया जात नाही. हंगामात असेल ते खा, परतताना वाडीतली भाजी-फुले विकत घ्या, आणि नळ सोडून ठेवू नका. पैसे देताना वाडीत बावखल आहे का, एवढे अवश्य विचारा. पाहुणे विचारू लागले, तर राखणारीला बळ येईल आणि बुजवणारा दोनदा विचार करील.