‘किती वर्षं लांब राहायचं?’

मैत्रिणींनो, पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीने प्रश्न विचारावा का, यावर आमच्या कुंडलात परवा बरीच कुजबुज झाली.

मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. स्थळ गलाईवाल्यांचे. जुने दागिने वितळवून सोने-चांदी शुद्ध करण्याच्या या धंद्यापायी आपल्या विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसे देशभर पांगली आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. या मुलाचे दुकान कोइमतूरला. पोहे झाले आणि मुलीने शांतपणे विचारले, “लग्नानंतर मी इथं किती वर्षं राहायचं? आणि तिकडं कधी यायचं?”

वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खरे सांगते, मलाही तो आगाऊपणाच वाटला.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितले. त्यांचे लग्न १९७८ चे. मामंजी मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि जत्रेला तेवढे यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ते गावी परतले. मेथी निवडता निवडता आत्याबाई म्हणाल्या, “पोरीनं बरं केलं. लांब राहायचं दुःख न्हवतं गं. कवा येणार, हे इचारायची सोय न्हवती. आन् आले, तवा त्यास्नी तिखट किती लागतं, हेबी मला ठावं न्हवतं.”

मी गप्पच झाले.

आजच्या मुलांच्या हाती व्हिडिओ कॉल आहे, रोज तोंड दिसते. पण बोलणे ‘जेवलास का’ एवढ्यावरच थांबले, तर त्याचा काय उपयोग? या मुलांना अंतराची भीती नाही; मुदत नसलेल्या वाट पाहण्याची आहे. त्यात वावगे काय?

तेव्हा तुमच्या घरी असे लग्न ठरत असेल, तर सुपारी फुटण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या. वर्षातून किती वेळा येणार? घरखर्चाचे पैसे कोणाच्या हाती पडणार? मुलीच्या शिक्षणाचे, नोकरीचे काय? आणि बिऱ्हाड कधी करणार? लग्नाआधी दोघे फोनवर बोलत असतील, तर दाराआड कान देऊन उभ्या राहू नका. हेच सगळे ती बोलत असतील.

तो मुलगा मात्र रागावला नाही हं! म्हणाला, “दुकानाचं कर्ज फिटायला दीड वर्ष. मग खोली बघतो.”

सुपारी फुटली आहे. दीड वर्ष कधी भरते, ते आत्याबाईंनी आत्तापासूनच मोजायला घेतले आहे!