वेताळाच्या वहाणा

माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळाला, लोक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात आणि त्या झिजतात, असं आजी सांगायची. कशा झिजतात? ‘देव रातचो गाव राखता.’ पुढे प्रश्न नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकात एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर टांगलेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये ‘वेताळ’ पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो मला परका वाटलाच नाही. आपलाच, फक्त कपडे बदलून आलाय.

होता मात्र परका. अमेरिकेच्या ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीतून ‘फँटम’ला जन्म दिला, सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, तेही फँटमच्याच कथेने. मराठीत त्याचा वेताळ करणाऱ्याला मी मनोमन हात जोडतो. भुतांचा राजा, तरीही गावाचा राखणदार! कवटीच्या गुहेत राहणारा आणि मेला मेला म्हणताना पुन्हा समोर उभा ठाकणारा नायक त्या एका शब्दात चपखल बसला.

तो अमर नाही, बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो आणि सध्याचा एकविसावा आहे, हे गुपित जंगलात फार थोड्यांना ठाऊक असायचं. आम्हा पोरांना ठाऊक होतं! त्याच तोऱ्यात आम्ही खोडरबरावर ब्लेडने कवटी कोरायचो, शाईत बुडवायचो आणि मधल्या सुट्टीत वेताळाच्या ठोशाच्या खुणेसारखी एकमेकांच्या जबड्यावर उठवायचो. घरी गालफड घासताना आई जे बोलायची, ते छापण्यासारखं नाही.

मोठेपणी तेच अंक वाचताना खटका बसला. अख्खं जंगल एकवीस पिढ्या एका गोऱ्या घराण्याच्या भरवशावर राहतं, हे कसं? इंद्रजालने त्या आफ्रिकी देशाचं मूळचं ‘बंगाला’ हे नाव बदलून ‘डेंकाली’ केलं, वेताळाच्या शत्रूंना, ‘सिंग’ चाच्यांना, ‘सिंगा’ केलं. आपल्याला टोचेल ते काढलं. आफ्रिकेतल्या माणसाला टोचेल ते तसंच राहिलं. १९७६ मध्ये इंद्रजालमध्येच आबिद सुरती यांचा बहादूर आला. दरोडेखोरांशी लढणारा, अस्सल इथल्या मातीतला. डोक्याने मी त्याच्या बाजूचा, पण स्टॉलवर हात आधी वेताळाकडेच जायचा.

आठशेहून अधिक अंक काढून इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. फॉक १९९९ मध्ये वारले, तोवर लिहीतच होते. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून फँटमचे अंक निघताहेत. आपल्याकडे जुन्या मराठी प्रती रद्दीत गेल्या. माझ्याही गेल्या, वाळवीने अर्ध्या केल्यावर.

त्या कथा आज जशाच्या तशा मी कुणा मुलाच्या हातात देणार नाही. शेजारी बसून वाचून दाखवीन. गोऱ्या घराण्याचा तो मोठेपणा काढून टाकला, तर उरतं ते आजीने सांगितलेलंच: कुणीतरी रात्री जागं राहून राखण करायची असते, आणि त्यात त्याच्या वहाणा झिजतात.