परक्या चुलीवरचे पथ्य

आहाराचे धर्मनियम घरी पाळणे तुलनेने सोपे असते. चूल आपली, भांडी आपली आणि बाजारहाटही आपलाच. खरी कसोटी लागते ती परक्या चुलीपुढे. अमेरिकेत सहकाऱ्यांसमवेत उपाहारगृहात जाणाऱ्या धर्मनिष्ठ ज्यू माणसापुढे हा प्रश्न नित्य उभा राहतो. वरकरणी तो केवळ कर्मकांडाचा वाटतो. वस्तुतः तो माहितीचा आणि विश्वासाचा आहे.

'कोशेर' म्हणजे ज्यू धर्मशास्त्राला संमत अन्न. डुक्कर वर्ज्य, कोळंबी-खेकडे वर्ज्य. मासा चालतो, पण त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. मांस शास्त्रोक्त रीतीने कापलेल्या जनावराचेच हवे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजविण्यास तोरात तीन ठिकाणी मनाई आहे. तीवरून शास्त्रकारांनी मांस आणि दूध यांची पूर्ण फारकत केली. गरम अन्नाचा अंश भांड्यात मुरतो, असेही ते मानतात. त्यामुळे 'मी फक्त भाजी खाईन' एवढ्याने सुटका होत नाही. ती भाजी ज्या कढईत परतली, तिच्यात काल काय शिजले होते, हा प्रश्न उरतोच. संपूर्ण शाकाहारी उपाहारगृहही कर्मठांना पुरत नाही. चीज कशाने साकळविले, पालेभाजीत किडे राहिले नाहीत ना, चूल पेटविण्यात तरी ज्यूचा हात होता काय, अशा शंका तेथेही असतात.

साहजिकच प्रत्येक जण आपापली मर्यादारेषा आखतो. कोणी बाहेर पाण्याखेरीज काही घेत नाही. कोणी न चिरलेल्या फळावर भागवितो, कोणी थंड कोशिंबिरीवर. कोणी विमानात मिळतो तसा मोहोरबंद डबा मागवितो. कोणी मासळीपर्यंत सवलत घेतो, पण घरच्या चुलीवर ती चालू देत नाही. या पायऱ्यांना दांभिकपणा म्हणून हिणविणे सोपे, पण अन्यायाचे आहे. नियम मोडू नये आणि चारचौघांच्या पंगतीतून उठूनही जावे लागू नये, या दोन रास्त इच्छांचा तो मेळ असतो. त्यातच, पाहणाऱ्याचा गैरसमज होईल असे वर्तन टाळावे, हाही शास्त्राचा दंडक आहे. म्हणून काही जण अशा उपाहारगृहाची पायरीच चढत नाहीत.

मग कोशेर उपाहारगृहेच सर्वत्र का निघत नाहीत? उत्तर अर्थकारणात आहे. देखरेख करणाऱ्याचे वेतन, महाग मांस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत बंद असणारा गल्ला, हा सारा भार थोड्या गिऱ्हाइकांवर पडतो. जेथे ज्यू वस्ती विरळ, तेथे तो पेलत नाही. स्वयंपाकघर गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणूनच प्रमाणपत्राला किंमत येते. आणि किंमत आली की मक्तेदारीचा प्रश्नही येतो. इस्रायलमध्ये 1983 च्या कायद्याने 'कोशेर' हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मुख्य रब्बींच्या यंत्रणेच्या हाती एकवटला. 2017 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हे प्रमाणपत्र नसलेल्या उपाहारगृहालाही, 'कोशेर' हा शब्द न वापरता, आपण कोणते नियम पाळतो हे खरेपणाने सांगता येईल. शब्दावर मक्ता राहिला, पण सत्य सांगण्यावरचा गेला.

महाराष्ट्राला हा विषय अगदीच परका नाही. कोकणातील बेने इस्रायल समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी ते बंद ठेवी. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. कोळंबीच्या प्रदेशात राहूनही त्यांनी पर-खवल्यांची मासळीच निवडली आणि मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घातले. शेजाऱ्यांशी फारकत न घेता पथ्य सांभाळता येते, याचा हा पुरावाच होय.

उपवास करणारा, कांदा-लसूण वर्ज्य मानणारा जैन, हलाल पाहणारा मुसलमान, शेंगदाण्याची बाधा होणारा रुग्ण, या सर्वांना परक्या चुलीपुढे एकच गोष्ट हवी असते: विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर. आपल्याकडे पाकिटबंद शाकाहारी पदार्थांवर हिरवे चिन्ह कायद्याने सक्तीचे आहे. परंतु ताटात वाढलेल्या पदार्थाबाबत वाढणाऱ्याच्या सचोटीवाचून दुसरा आधार बहुधा नसतो. त्या पथ्यावर वाढणाऱ्याचा विश्वास असण्याची गरज नाही. 'थोडेसे चालते हो' म्हणून ते हसण्यावारी मात्र नेऊ नये. पाहुण्याचा नियम यजमानाला पटो न पटो, त्याची फसवणूक न करणे हेच खरे आतिथ्य.