हबशी, मोगल की मराठा?

बीदरचा किल्ला पाहावयास आलेल्या शाळकरी मुलांत एक वाद हटकून रंगतो. हबशी, मोगल आणि मराठा यांची झुंज लावली, तर जिंकेल कोण? प्रश्न पोरकट खरा. तथापि त्याचे उत्तर शोधण्यास याहून योग्य स्थळ नाही. यांपैकी दोघांची झुंज येथे प्रत्यक्षच झाली आहे.

१६५७ च्या मार्च महिन्यात औरंगजेबाने बीदरला वेढा घातला. किल्लेदार होता सिद्दी मरजान, आदिलशाहीचा वृद्ध हबशी सरदार. त्याच्यापाशी सुमारे एक हजार घोडेस्वार आणि चार हजार पायदळ होते. शिवाय खडकात खोदलेला तिहेरी खंदक होता. मोगलांचा सेनानी मीर जुमला याने तोफा खंदकाच्या काठाशी आणल्या आणि खंदक बुजविण्यास आरंभ केला. हबशी वारंवार बाहेर पडून मोर्च्यांवर तुटून पडत. असे सत्तावीस दिवस चालले. अखेर एक ठिणगी बुरुजामागील दारूच्या साठ्यावर पडली. त्या भडक्यात मरजान आपल्या दोन मुलांसह होरपळला. मरणोन्मुख किल्लेदाराने मुलांच्या हाती किल्ल्या पाठविल्या. मोगलांना आत २३० तोफा सापडल्या.

मग श्रेष्ठ कोण ठरले? मरजानचे शौर्य उणे पडले नव्हते, तोफाही उण्या नव्हत्या. उलट, मीर जुमल्याची चिकाटी नसती तर ती ठिणगी पडण्याची वेळच आली नसती.

आता तिसरा गडी. याच्या पुढच्याच महिन्यात शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी दोरीच्या शिड्या लावून रात्री मोगलांचे जुन्नर गाठले आणि द्रव्य व घोडे घेऊन ते निघून गेले. बीदरच्या रुंद खंदकापुढे त्या शिड्या लंगड्या पडल्या असत्या. मीर जुमल्याच्या अवजड तोफाही सह्याद्रीच्या घाटवाटांत तशाच अडकल्या असत्या.

योद्धा एकटा लढत नाही. त्याची भूमी, त्याची रसद, त्याची शस्त्रे आणि त्याच्यावर सोपविलेले काम ही सारी त्याच्यासवे लढतात. म्हणून ‘कोण जिंकेल?’ असे विचारण्याआधी ‘कोठे आणि कशासाठी?’ असे मुलांनी विचारावे. मग पराभूत मरजानही त्यांना लहान वाटणार नाही. धन्याने सोपविलेला किल्ला त्याने अंगात त्राण असेतो सोडला नाही.