संथ टोकाचा शोध

२४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. बाजाराने नंतर जाहीर केलेलं कारण असं : खोदकामामुळे दूरसंचार वाहिन्या डळमळल्या, त्या ताणात स्टोरेजचं जाळं ठरल्याप्रमाणे वागलं नाही आणि सर्व्हरना आपलीच साठवण दिसेनाशी झाली. या घटनेला पाच वर्षं होऊन गेली. लोकांच्या लक्षात मात्र ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच राहिलं. या जाळ्यांत उमेदीची वर्षं घातलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते मनाला लागतं.

फायबर चॅनेलची, म्हणजे सर्व्हर आणि साठवण जोडणाऱ्या या जाळ्याच्या तंत्राची, सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. एक गिगाबिट, मग दोन. डिस्कच संथ, त्यामुळे तारा बऱ्यापैकी मोकळ्या. माझं दशक २००६ नंतरचं. फुलसावंगी हे गाव सोडून मी नवी मुंबईत आलो होतो. बँका कोअर बँकिंगवर येत होत्या आणि खेड्यातल्या खात्याची नोंदही शहरातल्या यंत्रांत जाऊन बसत होती. वेग चारवरून आठ आणि २०११ च्या सुमारास सोळा गिगाबिटवर गेला, आणि खोळंबे त्याच्यासोबतच वाढले.

या जाळ्यात डेटा वाटेत टाकून देत नाहीत. समोरच्याने ‘जागा आहे’ असं क्रेडिट दिलं तरच पुढची फ्रेम निघते. एखादा सर्व्हर माल उचलायला संथ पडला की क्रेडिट परत येत नाही आणि स्विचचे बफर भरतात. जिनिंगच्या फाटकात एक गाडी खाली होत नसली की मागच्या साऱ्या गाड्या अडतात, तसं निर्दोष सर्व्हरही अडकतात.

महिनाअखेरची एक रात्र आठवते. खातेव्यवहार रखडले होते. दोन स्विचना जोडणाऱ्या पोर्टवर, क्रेडिट शून्यावर गेल्याची नोंद करणारा काउंटर धावत होता, पण तार निम्मीही भरलेली नव्हती. एकेक पोर्ट तपासत गेलो, तर टोकाला चार गिगाबिटचं जुनं कार्ड असलेला बॅकअप सर्व्हर निघाला. आठ गिगाबिटने येणारा माल त्याला उचलवत नव्हता. त्याचं काम थांबवलं आणि व्यवहार मोकळे झाले. सकाळच्या बैठकीत तरीही ठरलं ते स्टोरेज नवीन घ्यायचं. दशकभर हेच चाललं : दोष संथ टोकाचा, खर्च वेगवान साठवणीवर. पुढे डिस्कच्या जागी फ्लॅश मेमरी आली, साठवण आणखी झपाट्याने माल ओतू लागली आणि जुनी टोकं आणखी तुंबली.

२०१६ मध्ये साठवण बनवणारी ईएमसी डेलकडे गेली, २०१७ मध्ये स्विच बनवणारी ब्रोकेड ब्रॉडकॉमकडे. आमच्यातले बरेच जण क्लाउडकडे वळले. आता स्विच स्वतःच सर्व्हरला कोंडीची सूचना देऊ शकतो. ही प्रगती खरी आहे. पण ती सूचना ऐकणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर हवं, आणि ते बसवलंय की नाही हे पाहणारा माणूसही हवा. असे जाणते आता फार थोडे उरले.

याची किंमत गाव मोजतं. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याला ‘लिंक नाही, उद्या या’ असं सांगितलं जातं. दोष गावातल्या तारेचाही असेल, दूरच्या डेटा सेंटरचाही असेल; त्याला ते कधीच कळत नाही. त्याचा दिवस जातो, मजुरी बुडते. बँकेने प्रत्येक मोठ्या खोळंब्याचं कारण लेखी, मराठीत, शाखेच्या दारावर लावायला हवं. आणि नव्या यंत्राची ऑर्डर देण्याआधी, काउंटर वाचणाऱ्या माणसाला एक रात्र द्यायला हवी.