पाच दिवस की सात?

22 जून 2020, सोमवार. नाशिकमधली दुकानं तेव्हा वेळ ठरवून उघडत होती, शेअर बाजार मात्र पुरता उघडा होता. त्या दिवशी बाजार बंद होताना ग्लेनमार्क फार्मास्युटिकल्सचा शेअर शुक्रवारच्या भावापेक्षा चतुर्थांशाहून जास्त वर होता. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सौम्य आणि मध्यम कोविडच्या रुग्णांसाठी फॅविपिराविर विकायला औषध महानियंत्रकांनी परवानगी दिली होती आणि कंपनीच्या त्या गोळीचं 'फॅबिफ्लू' हे नाव त्या शनिवार-रविवारी टीव्हीवरून घराघरांत पोहोचलं होतं.

नाशिककरांना ही कंपनी परकी नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना आहे. फॅबिफ्लूचा सातपूरशी संबंध नव्हता. मूळ रसायन अंकलेश्वरला बनायचं आणि गोळ्या हिमाचलातल्या बद्दीला. पण गावात कारखाना असला की कंपनी आपली वाटते, आणि आपल्या कंपनीचा शेअर घ्यायला माणूस फार विचार करत नाही. त्यात तो काळ घरबसल्या डिमॅट खातं उघडण्याचा होता. मार्च 2020 मध्ये देशात सुमारे 4 कोटी डिमॅट खाती होती, दोन वर्षांत ती 9 कोटींच्या घरात गेली. कॉलेज रोडवरच्या आमच्या ओळखीच्या मंडळींतही नवे गुंतवणूकदार भराभर तयार झाले. "औषध आलंय, आजार जगभर आहे, आणखी काय पाहिजे?" हा तेव्हाचा बिनतोड सवाल होता.

पाहिजे होता तो चाचणीचा निकाल, आणि तो आलाच नव्हता. परवानगी आधी मिळाली, निकाल महिन्याने, 22 जुलैला जाहीर झाला. साथीच्या धास्तीत असं करणं समजण्यासारखं आहे आणि त्याबद्दल मी नियंत्रकांना फार दोष देणार नाही. पुढे जे झालं ते मात्र नीट पाहायला हवं.

भारतातल्या सात केंद्रांवर 150 रुग्णांची ही चाचणी होती. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत फॅविपिराविर, निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार. खोट्या गोळ्या कुणालाच दिल्या नव्हत्या, त्यामुळे कोणाला औषध मिळतंय हे रुग्णालाही कळत होतं आणि डॉक्टरलाही. यश कशाला म्हणायचं, हे आधीच ठरलं होतं: रुग्णाच्या घशातल्या नमुन्यात विषाणू सापडायचा थांबायला किती दिवस लागतात. औषध घेतलेल्यांत मध्यक 5 दिवस आला, न घेतलेल्यांत 7.

कंपनीच्या निवेदनात हाच फरक '28.6 टक्के वेगवान' असा उतरला. सातातले दोन दिवस वाचले, म्हणून 28.6. गणित बरोबर आहे. पण या फरकाचं पी-मूल्य होतं 0.129. म्हणजे औषधात काडीचाही दम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता जवळजवळ 13 टक्के होती. वैद्यकात साधारण 5 टक्क्यांच्या आत असेल तरच फरक खरा मानायचा, असा दंडक आहे. ठरवलेल्या मुख्य कसोटीवर चाचणी उतरली नव्हती.

दुसरी कसोटी होती रुग्ण बरा दिसण्याची. ताप, श्वास, ऑक्सिजन, खोकला पाहून डॉक्टरने ठरवायचं. तिथे 3 दिवस विरुद्ध 5 दिवस, आणि हा फरक दंडकात बसला. चौथ्या दिवसापर्यंत औषधाच्या गटातले 69.8 टक्के बरे, दुसऱ्या गटातले 44.9 टक्के. आकडे घवघवीत आहेत. पण प्रयोगशाळेत आरटी-पीसीआरने मोजलेल्या गोष्टीत फरक सिद्ध झाला नाही, आणि गोळी कोणाला दिली हे ठाऊक असलेल्या डॉक्टरच्या नजरेने ठरवलेल्या गोष्टीत झाला. यात कोणाची लबाडी असायची गरज नाही. औषध दिलेल्या रुग्णाकडे आशेने बघणं हा माणसाचा स्वभावच आहे, आणि त्यावर उपाय म्हणूनच खोट्या गोळीची पद्धत निघाली. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा या चाचणीवरचा शोधनिबंध नंतर 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये आला. त्यात 0.129 हा आकडा स्वच्छ छापलेला आहे. कोणी लपवला नव्हता, पण शेअर घेणाऱ्यांपैकी तो किती जणांनी शोधला?

आता रुग्णाच्या बाजूने हिशेब मांडू. 200 मिलिग्रॅमची एक गोळी. पहिल्या दिवशी सकाळी नऊ गोळ्या, रात्री नऊ गोळ्या. नंतरचे तेरा दिवस रोज आठ. एकूण 122 गोळ्या. सुरुवातीचा भाव गोळीला 103 रुपये, म्हणजे पूर्ण चौदा दिवसांचे साडेबारा हजार. शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे स्वतः एमबीबीएस आहेत. त्यांनी या किमतीवर आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्या रुग्णांबद्दल केलेल्या दाव्यांवर बोट ठेवून तक्रार केली. नियंत्रकांनी कंपनीकडे खुलासा मागितला. दरम्यान 13 जुलैला भाव 75 रुपयांवर आला होता. तक्रारीचं नेमकं फलित काय, यावर वाद घालता येईल. पण चाचणी कोणत्या रुग्णांवर झाली आणि दावा कोणत्या रुग्णांबद्दल आहे, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या एका लोकप्रतिनिधीने वेळेवर विचारला, याची नोंद राहायला हवी.

नाशिकमध्ये या सगळ्याचा अर्थ कळला तो एप्रिल 2021 मध्ये. "सीटी स्कॅनचा स्कोअर किती आला?" हीच तेव्हा विचारपूस होती. रेमडेसिविरसाठी रांगा होत्या. 21 तारखेला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि वीसहून अधिक रुग्ण गुदमरून गेले. अशा शहरात घरी विलगीकरणात असलेल्या माणसाच्या हातात फॅबिफ्लूची चिठ्ठी पडली, तर पी-मूल्य विचारायचं त्राण कोणात होतं? गोळे कॉलनीत जाऊन औषध आणायचं, एवढंच. त्या एका महिन्यात देशभरात फॅबिफ्लूची विक्री 352 कोटी रुपयांची झाली. केंद्र सरकारच्या उपचारपद्धतीत या औषधाचं नाव नव्हतं.

याच औषधावर कॅनडात एका छोट्या कंपनीचं भवितव्य टांगलेलं होतं. हॅलिफॅक्सची अपिली थेराप्युटिक्स. डॉ. रेड्डीज आणि दुबईची ग्लोबल रिस्पॉन्स एड तिच्या जोडीला होत्या. ग्लेनमार्कला एक औषध फसलं तरी दुसरी शंभर विकता येतात. अपिलीसारख्या कंपनीकडे विकायला काहीच नसतं. चाचणीचा खर्च नवे शेअर काढून भागवायचा, म्हणजे पैसा आशेवरच उभा करायचा. मग भागधारकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, जपानने 2014 मध्ये इन्फ्लुएन्झासाठी याला मान्यता दिली, रशिया आणि भारत विकतायत, आता राहिलं काय? दुसरा म्हणतो, विक्री हा पुरावा नव्हे, आंधळ्या चाचणीचा निकाल येऊ दे. माझं मत दुसऱ्या तटाकडे आहे, आणि ते निकाल माहीत आहे म्हणून नव्हे. निकाल उलटा लागला असता तरी प्रश्न तोच योग्य होता.

अपिलीने अमेरिका, मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये बाराशेहून अधिक रुग्ण घेतले, निम्म्यांना खोट्या गोळ्या दिल्या, कोणाला काय मिळतंय हे दोन्ही बाजूंना कळू दिलं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये निकाल आला. टिकाऊ बरं व्हायला औषधाच्या गटाला मध्यक 7 दिवस लागले, खोट्या गोळीच्या गटालाही 7. शेअर आपटला. कंपनीने मुख्य कसोटी फसल्याचं सरळ सांगितलं, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

सगळेच असं सांगत नाहीत. अमेरिकेतल्या सायटोडिन कंपनीचा शेअर 2019 अखेर डॉलरच्या आत होता, जून 2020 अखेर दहा डॉलरच्या आसपास गेला. औषध लेरॉनलिमॅब, मूळचं एचआयव्हीसाठी केलेलं. 394 गंभीर कोविड रुग्णांच्या चाचणीत मृत्यूंचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. मग कंपनीने त्यातल्या 62 अतिगंभीर रुग्णांचा गट बाजूला काढला आणि तिथे फायदा दिसतो असं सांगायला सुरुवात केली. उडी मारून झाल्यावर रेघ आखली तर कोणीही जिंकतो. 17 मे 2021 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर निवेदन काढून हा दावा खोडला; एखाद्या कंपनीचं नाव घेऊन असं निवेदन ते क्वचितच काढतात. तरीही बरेच भागधारक प्रशासनावरच चिडले. कंपनीचे माजी प्रमुख नादेर पूरहसन यांना डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आलं.

आपल्याकडे रेघ आधी आखली होती की नाही हे तपासायची सोय आहे. भारतातल्या प्रत्येक औषध-चाचणीची नोंद आयसीएमआरच्या चाचणी नोंदवहीत 2009 पासून सक्तीची आहे. फॅविपिराविरची नोंद सीटीआरआय/2020/05/025114 या क्रमांकाने आहे आणि मुख्य कसोटी तिथे कोणालाही मोफत वाचता येते. सूचीबद्ध कंपनीला महत्त्वाची घडामोड शेअर बाजाराला कळवावी लागते, हा सेबीचा नियमही आहे. या दोन्हींचा सांधा जुळवणं अवघड नाही: चाचणीची बातमी बाजाराला देताना नोंदवहीतली मुख्य कसोटी शब्दशः, तिचा निकाल आणि पी-मूल्य पहिल्याच परिच्छेदात, टक्केवारीच्या आधी. 22 जुलै 2020 चं निवेदन या नमुन्यात निघालं असतं, तर पहिल्या ओळीत '28.6 टक्के वेगवान' ऐवजी 'पाच दिवस विरुद्ध सात दिवस, फरक सिद्ध झाला नाही' असं छापावं लागलं असतं.